कॉलरवरचं कुंकू

आज शर्टांना ऊन दाखवायला गच्चीवर गेलो. वेगवेगळ्या देशांच्या फुटबॉल संघांचे जुने, दुर्मीळ शर्ट जमवायचा मला नाद आहे. कॅमेरूनच्या हिरव्या शर्टाच्या कॉलरवरचा पुसट लाल ठिपका दिसला आणि हसू आलं. तो घरी आला त्या दिवशी आईने, नव्या कपड्याला लावतात तसं, त्याला कुंकवाचं बोट लावलं होतं.

“अगं, डाग पडला! आणि हा नवा कुठाय? माझ्यापेक्षा जुना आहे तो,” मी ओरडलो होतो.

“असू दे. आपल्या घरात नवाच की,” ती म्हणाली.

बाकीचे शर्ट दोरीवर पाहुण्यांसारखे अवघडून लटकत होते. हा एकटा घरचा वाटत होता.

मी जिन्यातून हाक मारली, “आई, जरा वर ये. येताना कुंकवाची डबी आण.”