समोरच्या घरातला सहा फूट नऊ इंच

बेल्टन क्रीकमध्ये मुलगा जन्मला की लोक आधी त्याचे तळपाय बघतात, तोंड नंतर. पाय लांब असले तर आजोबा धान्याच्या कोठाराला बास्केटबॉलची रिंग ठोकायला घेतात. गावाची वस्ती चार हजार, शाळेच्या जिममध्ये खुर्च्या सहा हजार. इंडियानात याचं कुणाला हसू येत नाही.

अशा गावात चांगले खेळाडू मिळत नाहीत म्हणून गावातलं प्रुइट कॉलेज बावीस वर्षं रडत होतं. त्यातली एकवीस वर्षं वर्लिन स्टॅकहाउस तिथे सहायक कोच होता. खेळाडू शोधून आणायचे, हे त्याचं काम. शोधणं त्याला उत्तम जमायचं. आणणं जमायचं नाही. उंच, चपळ पोरं राज्यातल्या दोन बड्या कॉलेजांत जायची, उरलेली दूरच्या राज्यांत. प्रुइटला मिळायचे ते प्रामाणिक.

त्या वर्षी नवीन हेड कोच आला. ब्रेंट रस्क, मूळचा अ‍ॅरिझोनाचा, दात पांढरेशुभ्र. आल्या आल्या त्यानं भिंतभर नकाशा लावला आणि बारा राज्यांत लाल टाचण्या खुपसल्या.

"आपल्या जिल्ह्यात एकही नाही?" वर्लिननं विचारलं.

"आपला जिल्हा कुठेय?"

जिल्हा नकाशाच्या लाकडी चौकटीखाली गेला होता. वर्लिननं बोटानं चौकट दाबून दाखवली.

"हां, तो हूबलरचा पोरगा ना! तुझ्या घरासमोर राहतो तो? तो तर आपलाच आहे. घरच्या गाईला कुणी दावणीचा पत्ता सांगतं का?"

"तरी एकदा सुट्टीतल्या सराव-कॅम्पचं पत्रक पाठवू या. तेवढं नियमात बसतं."

"पत्रकं छापलीत मोजून, बाहेरच्यांसाठी. वर्लिन, तू फक्त एवढं बघ. त्या कोल्टन हूबलरनं आपल्याला शब्द दिला नाही, तर पुढच्या वर्षी या खुर्चीत तू नसशील."

तिथून वर्लिन पामेला ड्रायर मॅडमकडे गेला. संघाकडून नियम पाळले जातात की नाही, हे बघणं हे मॅडमचं काम होतं. एका खेळाडूला कुणी आइस्क्रीम खाऊ घातलं, तर त्याचाही अहवाल त्या तीन प्रतींत पाठवायच्या.

"मॅडम, मुलगा समोरच राहतो. नववीत गेल्यापासून त्याच्याशी बोललेलो नाही. आता तो दहावीत आहे. अजून किती दिवस?"

"पंधरा जूनपर्यंत. दहावीचं वर्ष संपेपर्यंत कॉलेजच्या कोचनं शाळेतल्या खेळाडूशी किंवा त्याच्या घरच्यांशी बोलायचं नाही. तोवर समोर आला तर 'हॅलो' चालेल."

"आणि 'कसा आहेस' म्हटलं तर?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तो 'बरा आहे' म्हणाला, की ते संभाषण होतं."

"हात केला तर?"

"कसला हात? बोलावणारा की निरोपाचा?"

"आपला साधा. गाडीतून एक बोट उचलतो आपण, तसा."

"मी तुमच्या जागी असते, तर खुणा टाळल्या असत्या."

वर्लिननं खुणा टाळल्या. आणि इथेच घात झाला.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं असतं. ओळख असो, नसो. डुकरं नेणाऱ्या ट्रकलाही उचलतात, कर वसूल करणाऱ्यालाही. बोट न उचलण्याचा अर्थ एकच, हद्दीच्या कुंपणावरून भांडण झालंय आणि आता वकील बोलतील.

कोल्टनची आई लोर्ना शाळेची बस चालवायची. वर्लिन आणि ती पहिलीपासून एका वर्गातले. रोज सकाळी साडेसातला, पुलाच्या अलीकडे, तिची पिवळी बस आणि त्याचा जुना ट्रक समोरासमोर यायचे. दहा वर्षं दोघांची बोटं उठत आली होती. आता बसमध्ये दुसऱ्या रांगेत कोल्टन बसलेला असायचा, छताला डोकं टेकवून. वर्लिन दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळायचा आणि नाकासमोर बघत निघून जायचा.

लोर्नाच्या बोटानं आठवडाभर वाट पाहिली. मग तेही उठेनासं झालं.

चर्चमध्ये हूबलर मंडळी डावीकडे बसली की वर्लिन उजवीकडे सरकायचा. एका शनिवारी तर कोल्टनचा बॉल घरंगळत रस्ता ओलांडून वर्लिनच्या अंगणात आला. वर्लिन तिथेच गवत कापत होता. बॉल त्याच्या बुटाला लागून थांबला. वर्लिन बॉलकडे बघत उभा राहिला, जणू बिळातून साप निघालाय.

"कोच, देता का इकडे?" कोल्टन कुंपणापाशी आला. सहा फूट नऊ इंच, त्यामुळे कुंपण त्याच्या मांडीला लागायचं.

वर्लिन म्हणाला, "हॅलो." आणि घरात गेला.

शेवटी त्याची बायको रॉन्डा बाहेर आली, तिनं बॉल फेकला.

"थँक्यू, मिसेस स्टॅकहाउस. कोचना बरं नाही का?"

"बरंच आहे रे. नियम झालाय त्यांना."

आत येऊन ती वर्लिनला म्हणाली, "अहो, लोर्ना मला किराणाच्या दुकानात विचारत होती, आमचं काही चुकलं का म्हणून. काय सांगू?"

"काही सांगू नकोस. घरच्यांनी निरोप पोचवणंही नियमाविरुद्ध आहे."

"म्हणजे माझंही तोंड कॉलेजनं घेतलं? पगार तर एकाचाच देतात!"

रात्री बिछान्यावर पडल्यावर वर्लिन पोराच्या खेळाबद्दल एकट्यानं बोलत राहायचा. डावा हात किती सुधारला, रिंगला लागून परतलेल्या बॉलला, म्हणजे रिबाउंडला, पाय किती लवकर उचलतो. त्या पोराबद्दल जगात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते सगळं त्या पोराऐवजी रॉन्डाला पाठ झालं होतं. दरम्यान कोच रस्क विमानानं हिंडत होता. काखेत सहा फूट नऊ इंचांचा कळसा आणि वळसा बारा राज्यांना.

पंधरा जून उजाडला. वर्लिननं इस्त्रीचा शर्ट घातला, रॉन्डानं केलेला साखर-सायीचा 'पाय' हा आमच्याकडचा गोड पदार्थ हातात घेतला, आणि बरोबर आठ वाजता रस्ता ओलांडला. एकवीस वर्षांत चारशे घरांची दारं त्यानं ठोठावली होती. या दाराशी मात्र त्यानं बूट दोनदा पुसले.

लोर्नानं दार अर्धंच उघडलं. "काय हवंय?"

"लोर्ना, बोलायचंय. कोल्टनशी. तुझ्याशीही. पोटभर."

"आज तोंड उघडलं होय तुझं?"

"आज बंदी उठली."

स्वयंपाकघरात कोल्टन पॅनकेक खात होता. वर्लिननं बसता बसता सगळं सांगून टाकलं. नियम, मॅडम, बोट, बॉल. दम न घेता. मग म्हणाला, "पोरा, प्रुइटला तू हवा आहेस. नववीपासून हवा आहेस."

कोल्टननं काटा खाली ठेवला. "कोच, मला वाटलं मी तुम्हाला भिकार वाटतो."

"भिकार? तुझा डावा हात…"

"प्रुइटच्या कॅम्पचं पत्रकसुद्धा आलं नाही. आमच्या टीममधल्या कुणालाच. नेवाडाहून आलं. सुट्टीत मी तिकडे गेलो, कॅम्पात बोलायला बंदी नसते म्हणे, तिथल्या कोचनं मला माझ्या नावानं हाक मारली. परवा मीच फोन करून येतो म्हणालो."

"नुसतं म्हणालास ना? सही व्हायला दीड वर्ष आहे! तोंडी शब्द काय, पोरं दहादा बदलतात."

"या घरातली नाही बदलत," लोर्ना म्हणाली. आणि मग पॅनकेकचा तवा खाली ठेवून, "वर्लिन, तुला कुणीतरी सांगितलं बोलू नको, आणि तू दोन वर्षं बोलला नाहीस?"

"नियम होता."

"पन्नास वर्षांची ओळख होती, त्याचं काय?"

कोल्टननं रॉन्डाच्या गोड पदार्थाचा तुकडा कापून आधी त्याच्यापुढे सरकवला. "तुम्ही पहिल्या दिवशी विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. आई घरी राहा म्हणतच होती."

गुरुवारी कोच रस्कनं वर्लिनला बोलावलं. फार वाईट वाटतं म्हणाला, दात दाखवले, आणि खुर्ची रिकामी करायला शुक्रवारपर्यंतचा वेळ दिला. "घरासमोरचा पोरगा, वर्लिन! घरासमोरचा!" असं तो तीनदा म्हणाला. ड्रायर मॅडमनी वर्लिनला दारात गाठून एक प्रशस्तिपत्र दिलं, काचेच्या चौकटीत. एकवीस वर्षांत नियमभंग शून्य. कॉलेजच्या इतिहासात असं दुसरं नाही, असं त्यांनी अगदी मनापासून सांगितलं.

वर्लिन खोकं उचलून घरी आला, तर पिवळी बस त्याच्या दाराशी उभी. लोर्ना खिडकीतून वाकली.

"शाळेला दोन नंबरच्या मार्गावर ड्रायव्हर मिळत नाहीये. पगार फार नाही. सुट्टी संपली की रोज सकाळी सव्वासहाला हजर. करतोस?"

"मी? बस?"

"पण चढणाऱ्या प्रत्येक पोराशी बोलावं लागतं. चव्वेचाळीस आहेत. रोज, नावानं. जमेल?"

वर्लिननं खोकं पायरीवर ठेवलं. "उंच कितीजण आहेत?"

"वर्लिन!"

"नुसतं विचारलं."

"एक आहे सहावीतली. गिब्सनांची पोर. तळपाय बोटीएवढे."

"तिचं नाव काय?"

"ते तूच विचार तिला," लोर्ना म्हणाली, आणि तिनं बसचं दार उघडलं.