वडिलांच्या खोलीचा रंग

वडील गेल्यापासून त्यांची खोली बंदच होती. म्हणून दिवाळीनंतर मी संगमनेरला आईकडे गेले आणि त्या खोलीत दाराच्या दोन बाजूंना रंगाचे दोन पट्टे दिसले, तेव्हा चपापले. एक फिकट पिवळा, एक गडद निळा.

"यातला कुठला बरा वाटतो?" आईने विचारलं.

"पण मधेच रंग कशाला?"

"असाच."

आई असंच काही करत नाही. घर विकायला काढलंय, हे माझ्या मनाने घेतलं. पुण्याला भावाला फोन लावला. रंगाचं ऐकून तो म्हणाला, "तूच काहीतरी भरवलं असशील तिच्या डोक्यात." मला त्याच्यावर संशय, त्याला माझ्यावर. फोन ठेवला तो घुश्शातच.

दुपारी आई त्या खोलीत हळू आवाजात बोलताना ऐकू आली. डोकावले तर चष्मा काढून, एका हाताने भिंत चाचपत ती दाराकडे येत होती. दुसऱ्या हातात मोबाईल. "पिवळ्यात पांढरं दार कळतच नाही गं. निळ्यात लगेच दिसतं."

"आई, तुझे डोळे गेले का? कुणाशी बोलतेस?"

तिने फोन माझ्या हातात दिला.

"ओळखलंस का?" पलीकडून आवाज आला. चौथीला मला आणि भावालाही शिकवणाऱ्या बाई! आईच्या शाळेपासूनच्या मैत्रीण. चर्चमागे भाड्याच्या खोलीत एकट्याच राहायच्या. त्यांची नजर अधू होत चालली होती आणि आईने त्यांना कायमचं आपल्याकडे बोलावलं होतं.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "बाबांची खोली आहे ती. आम्हाला विचारायचं तरी!"

"रंग विचारला की."

"आई!"

"तुम्ही नाही म्हणाला असता. मग मी काय केलं असतं? आणि संध्याकाळी या घरात मी कुणाशी बोलते, हे कधी विचारलंत तुम्ही?"

मला राग आला होता. तरी मीही तिच्यासारखा माझा चष्मा काढून पाहिलं. पिवळ्यातलं दार खरंच भिंतीत विरून गेलं.

खोली निळी झाली. बाई टेम्पोतून सामान घेऊन आल्या. भाऊ बरेच दिवस फिरकला नाही. आला तेव्हा बाईंनी आवाजावरून त्याला ओळखलं आणि शाळेतल्यासारखं दरडावलं, "उशीर का झाला?" तो चक्क कान पकडून उभा राहिला.