गोदावहिनी आणि गडावरची एकादशी

गोदावहिनी आपल्या कादंबरीचं प्रकरण वाचून दाखवत, तेव्हा ऐकणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या मागच्या अंगणात उन्हाळ्याच्या दुपारी पाच-सहा बायका पापड लाटायला बसायच्या. मधोमध वहिनी, मांडीवर वही. लाटणी चालूच राहिली की त्या वाचता वाचता थांबत, पेन्सिलीने पानावर आडवी रेघ मारत आणि म्हणत, "हे गेलं." लाटणी थांबली, एखादीचा पापड पोळपाटावर तसाच सुकू लागला, की ते पान जमलं. "हसू काय, शेजारधर्म म्हणूनही येतं. हात कुणाची भीड धरत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. त्या बायकांत माझी बायको कमलही असे आणि तिचं लाटणं सगळ्यांत आधी थांबे. माझी शाळा सकाळची, त्यामुळे हे सगळं मला गॅलरीतून रोज दिसायचं.

आधीच सांगून टाकतो. मी या बाईवर जळत होतो. मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो आणि तीन वर्षं खपून शिवकाळावर एक कादंबरी लिहिली होती, चारशे पानांची, खाली तळटिपांसह. ती गिरगावातल्या एका प्रकाशकाने 'भारदस्त आहे' एवढाच शेरा मारून परत केली. कमलने ती वाचली आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय हो." ती वाचताना तिने शेवया केल्या, भाजी निवडली, एक झबलंसुद्धा शिवलं. तिचे हात एकदाही थांबले नाहीत.

वहिनी मूळच्या देवगडकडच्या. शाळा चौथीपर्यंत. यजमान, म्हणजे आमचे शेजारी नाना, भांडुपच्या एका कारखान्यात कारकून. माणूस इतका अबोल की त्यांनी 'हं' म्हटलं तरी वहिनी वळून बघत. कादंबऱ्याही शिवकाळातल्याच, पण त्यांत लढाई नावालाच. असायची ती दोन माणसं, ज्यांना एकमेकांशी लग्न करायचं नाही. मोठ्यांनी ठरवलेलं, मुहूर्त निघालेला, आणि नवरा एका बुरुजावर रुसलेला, तर नवरी दुसऱ्यावर. अख्खा गड त्यांना समजावण्यात गुंतलेला. शत्रू आला तरी त्याला वाट बघायला लावतील अशी ती माणसं. मी एकदा खवचटपणे विचारलं, "वहिनी, तुमच्या पुस्तकात कुणालाच लग्न कसं करायचं नसतं?" तर म्हणाल्या, "हो म्हणणाऱ्यांची कादंबरी होत नाही, भाऊजी. पंगत होते."

त्यांची पहिली वही गिरगावात घेऊन गेलो तो मीच. त्यांना एकट्याने जायचा संकोच, नानांना रजा नाही. मला वाटलं, परत येईल, मग आपणही त्यांचं सांत्वन करू. त्याच प्रकाशकाने ती माझ्यादेखत उभ्या उभ्या चाळायला घेतली, मग बसला, मग त्याचा चहा निवला. अर्ध्या तासाने मान वर करून म्हणाला, "या बाई तुमच्या कोण?" मी म्हटलं, "शेजारी." तो शब्द उच्चारताना मला जे झालं ते अजून आठवतं.

पुस्तकं निघू लागली तसा वहिनींना माझा उपयोग वाढला. तांदूळ निवडता निवडता विचारायच्या, "भाऊजी, गडावर पाणी कुठून भरत?" "दिवटीला तेल कसलं?" मी सांगायचो, सनावळीसकट. कुठल्या बखरीत काय, कुठल्या साली कुठली टाकी खोदली. त्या ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "ते सगळं खरं. पण इतके सगळे लढायला गेल्यावर भात कोण शिजवायचं?" याला माझ्याकडे तळटीप नसायची.

एक दिवस त्यांनी विचारलं, "गडावर उपासाला काय खात असतील?" मला ठाऊक होतं. वरी, शिंगाडा, कंद. पण आदल्याच दिवशी शाळेतल्या एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं, "त्या लिहितात त्या गोदाबाई तुमच्याच बिल्डिंगमधल्या ना? भेट घालून द्या की." माझ्या डोक्यात ते घोळत होतं. मी शांतपणे म्हणालो, "साबुदाण्याची खिचडी. दाण्याचं कूट घालून." साबुदाणा आणि शेंगदाणा दोन्ही आपल्याकडे फार उशिरा आले. एखाद्या पंडिताच्या हाती हे लागलं की बाईची फजिती ठरलेली. आणि एकदा थाप मारायला लागल्यावर मला थांबवेना. मी म्हटलं, "एकदा तर काय झालं, सुरतेहून आलेल्या साबुदाण्याच्या गोणी गड चढताना टाक्यात पडल्या. रात्रभरात सगळा साबुदाणा फुगला. आता करायचं काय? टाकवत तर नाही. गडकऱ्याने सकाळी दवंडी पिटवली, आज गडावर एकादशी. तिथी होती सप्तमी. गोलंदाजापासून घोड्यांच्या मोतद्दारापर्यंत सगळ्यांना उपास. भटजी पंचांग घेऊन भांडायला आला, तर त्याला दोन वाडगे खिचडी वाढून गप्प केला." वहिनींनी हातातलं सूप तसंच बाजूला ठेवलं. उठून आत गेल्या आणि वही घेऊन बसल्या.

त्या कादंबरीचं नावच त्यांनी 'गडावरची एकादशी' ठेवलं. लग्न मोडावं म्हणून सबनिसाचा मुलगा आणि हवालदाराची मुलगी, दोघांनीही अन्न सोडलेलं. त्यात अख्ख्या गडाला उपास, सगळीकडे खिचडीचा वास. भुकेने कासावीस होऊन दोघंही चोरून मुदपाकखान्यात शिरतात, आणि उरलेल्या एका वाडग्यावरून त्यांचं असं भांडण जुंपतं की भांडता भांडता एकमेकांना घास भरवतात. अंगणात हे प्रकरण वाचलं गेलं त्या दुपारी पापड झालेच नाहीत. कमल डोळे पुसत वर आली आणि मला म्हणाली, "काय सुचतं हो या बाईला." ते मला सुचलं होतं. पण 'मला सुचलं' म्हणायचं तर 'का सांगितलं' हेही सांगायला लागलं असतं. पूर्वी मी वहिनींच्या विनोदावर जळायचो, आता माझ्याच विनोदावर जळत बसलो होतो.

पुस्तक घरोघरी गेलं. आमच्या वाचनालयाने वहिनींचा सत्कार ठेवला आणि अध्यक्ष म्हणून दादरहून एक इतिहासाचे गाढे पंडित बोलावले. ते भाषणात म्हणाले, "बाई, तुमचा साबुदाणा त्या काळी या देशात नव्हता. शेंगदाणाही नव्हता. हा संदर्भ आपण कुठून घेतलात, ते सभेला सांगाल का?" मी पहिल्या रांगेत बसलो होतो, शेजारी आमचे हेडमास्तर. वहिनींनी फक्त माझं नाव घ्यायचा अवकाश, इतिहासाचा मास्तर म्हणून मुलुंडमध्ये मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. वहिनी उभ्या राहिल्या. पदर सावरून म्हणाल्या, "संदर्भ माझ्याच स्वयंपाकघरातला. आम्ही उपासाला तेच खातो. चूक असेल तर ती माझी." सभा हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "बायकांनी इतिहासात पडावंच कशाला?" वहिनींचे कान लाल झाले. आणि लाज वाटायच्या आधी मला क्षणभर बरं वाटलं, हेही इथे कबूल करतो.

परतताना नाना आणि कमल पुढे चालत होते. मी वहिनींना म्हटलं, "वहिनी, ते साबुदाण्याचं..."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाण्याच्या टाक्याचाही सन सांगता. साबुदाण्याला सन नव्हता."

"मग लिहिलंत कशाला?"

"तुम्ही सांगत होतात ना, तेव्हा माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. माझे तांदूळ निवडायचे राहिले, भाऊजी. कुणाचं ऐकताना माझं असं कधी झालं नाही."

त्या चालता चालता थांबल्या. "खरां सांगू? कमलकडून घेऊन तुमची कादंबरी वाचली मी, तीनशे माणसं मेली तिच्यात, मला एकदाही रडू आलं नाही. आणि माझी फजिती करायला म्हणून एक थाप मारलीत, तर सगळं मुलुंड हसलं. थापाच मारत जा. खऱ्याचं तुम्हाला ओझं होतं."

रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या बरोबर होत्या.

दुसरी आवृत्ती निघायची होती तेव्हा त्या स्वतः आमच्याकडे आल्या. कमल घरात नव्हती. म्हणाल्या, "प्रस्तावनेत लिहिते, एकादशीचं प्रकरण शेजारच्या भाऊजींनी सांगितलं. नाव घालते. ते तुमचंच आहे." त्या क्षणी मला ते नाव छापलेलं दिसलं. त्यासोबत हेडमास्तर दिसले आणि ते पंडितही. मी म्हटलं, "नको वहिनी. शाळेत शोभणार नाही."

"तुम्ही तर माझ्याच पुस्तकातले निघालात," त्या म्हणाल्या. "हवं असतं, आणि नको नको म्हणत बुरुजावर जाऊन बसता. पण भाऊजी, पुस्तकात समजूत काढायला अख्खा गड असतो. इथे मी एकटीच आले, आणि मी काय पुन्हा यायची नाही." त्यांनी खरंच पुन्हा तो विषय काढला नाही. मीही दार बंद करून एकदा कोरी वही घेऊन बसलो, एक थाप लिहायचा प्रयत्न केला. पहिल्याच ओळीत सन आला.

दोन-तीन वर्षांनी वहिनी विषमज्वराने गेल्या. चाळिशीही उलटली नव्हती. बोलणाऱ्या बाईच्या मागे नाना आणखीच अबोल झाले. तेराव्यानंतर अंगणातल्या बायका वहिनींच्या आठवणीसाठी जमल्या. काय करावं कुणाला सुचेना, तेव्हा कमलने 'गडावरची एकादशी' आणली आणि ते प्रकरण मोठ्याने वाचलं. बायका रडत होत्या आणि हसतही होत्या. नाना दारात उभे राहून पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मी त्यांच्यासाठी आणलेला चहा हातात धरून उभा होतो. तेव्हा सगळं सांगून टाकावं असं मला फार वाटलं.

कमलने पुस्तक मिटलं, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "असलं सुचायला वहिनीच हव्यात. तुम्हाला सात जन्मांत सुचायचं नाही."

मी म्हटलं, "खरं आहे." आणि मेलेल्या माणसावर कुणी जळू नये तसा जळत तिथेच उभा राहिलो.