सावेकाकूंकडचा उपाशी पाहुणा

सावेकाकूंकडून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही. भाईंदर पूर्वेच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये हे वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. गॅस सिलिंडरवाला त्यांच्या मजल्यावर मुद्दाम शेवटी येतो, कारण तिथून निघाल्यावर त्याच्याने दुसरा सिलिंडर उचलवत नाही. एकदा मीटर बघायला आलेला माणूस सुटका करून घ्यायला म्हणाला, "काकू, आज उपवास आहे." झालं! त्याला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर केळं. 'अर्धंच घे', 'हे शेवटचं', 'ताटात टाकायचं नाही हं', आणि एवढं करूनही कुणी हात आडवा धरलाच तर 'माझ्या हातचं आवडलं नाही वाटतं?' या शेवटच्या वाक्यापुढे भलेभले गारद झालेत.

काकूंचं नाव मृणालिनी. पोस्टातून रिटायर झाल्या, मिस्टर सहा वर्षांपूर्वी गेले, आता घरात त्या आणि मुलगा कौस्तुभ. तो ऑफिसातून येतो तेव्हा बाहेर खाऊन आलेला असतो. म्हणजे आग्रह भरपूर आणि माणसं कमी, अशी पंचाईत.

अशा घरात कौस्तुभने पाल आणली.

"पाल नाही गं आई, लेपर्ड गेको आहे."

"पालच ती. ठिपके असले म्हणून काय झालं?"

कौस्तुभचा मित्र साईराज असे सहा पाळून आहे, त्यातला एक त्याने याला दिला. हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेची पेटी आली. तिच्यात एका बाजूला खालून ऊब देणारी चटई, लपायला प्लॅस्टिकच्या दोन गुहा, पाण्याची वाटी. पाहुणा पिवळा, अंगभर काळे ठिपके, शेपूट गाजराएवढं जाड. आणि पापण्या! आपल्या भिंतीवरच्या पालीला कुठल्या आल्यात पापण्या? त्याने एकदा काकूंकडे पाहिलं, सावकाश डोळे मिटले आणि गुहेत जाऊन बसला.

"हा तर बाबाजी आहे," काकू म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी, कौस्तुभ ऑफिसच्या ट्रेनिंगला दहा दिवसांसाठी बेंगळुरूला गेला. जाताना फ्रिजवर कागद चिकटवून गेला. पहिला आठवडा हात लावायचा नाही. समोर बसून बघायचं नाही. संध्याकाळी वाटीत सात अळ्या ठेवायच्या. खाल्लं नाही तर काळजी करायची नाही, त्याला रुळायला वेळ लागतो.

काकूंनी कागद दोनदा वाचला. खाल्लं नाही तर काळजी करायची नाही? माझ्या घरात? हा मुलगा कुणावर गेलाय!

अळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, कोंड्यात ठेवलेल्या होत्या. जन्मभर रव्यातल्या अळ्या चाळून फेकलेल्या बाईवर आता अळ्या सांभाळायची पाळी आली. पण कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, 'अळ्यांना नीट खायला घाल, त्या पोसलेल्या असल्या की त्याच्या पोटात चांगलं जातं.' हे वाचल्यावर काकूंची कळी खुलली. गाजराचे काप, कोथिंबिरीच्या काड्या, बटाट्याच्या साली. दोन दिवसांत अळ्या टम्म झाल्या. अळ्यांनी त्यांचा मान ठेवला, बाबाजीने मात्र ठेवला नाही.

सोमवारी वाटी तशीच. मंगळवारी तशीच. हात लावायचा नाही हे काकूंनी कसोशीने पाळलं, पण बघायचं नाही म्हणजे काय? न बघता वाढायचं कसं? त्यांनी खुर्ची ओढून पेटीसमोर ठेवली आणि काचेला नाक लावून सुरू झाल्या. "अरे, एक तरी. ही बघ, छोटीशी आहे. बरं, अर्धी खा."

बाबाजीने अंग आणखी आत ओढून घेतलं. बाहेर नुसतं शेपूट राहिलं, आणि ते काकूंना दर तासाला बारीक दिसायला लागलं.

बुधवारी समोरच्या हंसाबेन आल्या. त्या जैन, त्यामुळे अळ्यांकडे पाठ करून बसल्या. "मृणालिनीबेन, बिचारे को ये सब गंदा नहीं खाना होगा. पपैया दो ने!" आणि स्वतः पपईची फोड आणून दिली. बाबाजीने पपईही नाकारली. गुरुवारी सोसायटीचे सेक्रेटरी उत्तम म्हात्रे आले. मूळचे खारीगावातले, खाण्याच्या बाबतीत काकूंचे सगळ्यात लाडके. आले ते सवयीने थेट फ्रिजकडे गेले, वर ठेवलेला श्रीखंडाचा डबा दिसला, झाकण उघडलं आणि असे किंचाळले की खालून वॉचमन धावत आला.

"वहिनी, हे काय हाय?"

"बाबाजीचा डबा. पण तो खात नाहीये हो."

"नजर लागली हाय त्याला, दुसरं काय न्हाय," उत्तमभाऊंनी छातीवर हात ठेवून सांगितलं. लगेच मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. पेटीवरून उतरवताना चार मोहऱ्या आत पडल्या. बाबाजीने त्याही खाल्ल्या नाहीत.

शुक्रवारी कौस्तुभचा फोन आला. "आई, तू समोर बसून बघतेस का त्याला?"

"छे! मला काय तेवढीच कामं आहेत?" काकू खुर्चीतूनच म्हणाल्या.

"मग काहीतरी बिघडलंय. रविवारी सकाळी साईराज येईल आणि त्याला परत घेऊन जाईल. तू टेन्शन घेऊ नकोस."

टेन्शन घेऊ नकोस म्हणे! फोन ठेवला आणि काकूंना रडूच फुटलं. आठ दिवस राहून पाहुणा या घरातून उपाशी परत जाणार. बिल्डिंग काय म्हणेल हे एक झालंच. पण खरं सांगायचं तर त्यांना त्याचा लळा लागला होता. सकाळी उठल्यावर 'खाल्लंस का रे' विचारायला घरात कुणीतरी होतं.

शनिवारी संध्याकाळी काकूंनी शेवटचा प्रयत्न म्हणून सगळ्यांना बोलावलं. हंसाबेन, त्यांच्या दोन सुना, उत्तमभाऊ, उत्तमभाऊंच्या मिसेस. पेटीभोवती अर्धं वर्तुळ करून सगळे बसले, ट्यूबलाइट लावली, उत्तमभाऊंनी मोबाइलवर व्हिडिओ चालू केला.

"खा रे राजा!"

"खा ले बेटा, एक खा ले!"

"लाजू नको, घे," उत्तमभाऊंच्या मिसेस म्हणाल्या.

आणि काकू थबकल्या. लाजू नको, घे. हे त्यांनी ऐकलं होतं. लग्न होऊन केळव्याला सासरी गेल्या, तेव्हा पहिल्याच जेवणाला समोर सासरची अकरा माणसं बसली होती, ती सगळी हेच म्हणत होती. नव्या नवरीचा घास तोंडाशी गेला की अकरा जोडी डोळे तिच्या तोंडाशी. चार दिवस त्यांच्या पोटात काही गेलं नाही. पाचव्या दिवशी चुलत सासूबाईंनी दहीभाताची वाटी मागच्या पडवीत ठेवली, सगळ्यांना वाडीत पिटाळलं आणि स्वतः पाठ करून भांडी घासत बसल्या. 'घे'सुद्धा म्हणाल्या नाहीत. मृणालिनीने ती वाटी बोटांनी निपटून खाल्ली होती.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण तेच अकराजण होऊन बसलोय की!

"उठा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सगळे उठा. घरी जा."

"पण वहिनी, चहा टाकलेला ना?" उत्तमभाऊंनी विचारलं.

"चहा नाही. काही नाही. चला!"

सावेकाकूंनी पाच माणसांना बिनचहाचं घराबाहेर काढलं. ही बातमी लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचली.

मग त्यांनी कपाटातून जुनी सुती साडी काढली, चार पदरी घडी करून पेटी तिन्ही बाजूंनी झाकली. चौथी बाजू भिंतीकडे होतीच. मोहऱ्या चिमट्याने वेचल्या, सात टम्म अळ्या वाटीत ठेवल्या, ट्यूबलाइट घालवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून बसल्या. भांडी घासलेली होती, तीच पुन्हा घासली. मान वळवायची इतकी ऊर्मी येत होती की शेवटी त्यांनी मानेखाली उशी घेऊन तिथेच अंग टाकलं. मध्येच हॉलमधून वाटी टिणकन वाजली. त्या उठल्या नाहीत. काय सोसलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत.

सकाळी साडी बाजूला केली. वाटी रिकामी! आणि कोपऱ्यात, तळाशी अंथरलेल्या टिश्यूपेपरवर, छानपैकी एक लेंडी. काकूंनी दार उघडून समोरच्या दाराची बेल दाबली. "हंसाबेन! बाबाजीने खाया! शी भी किया!" हंसाबेननी घाईघाईने कानांवर हात ठेवले, आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

दहाला साईराज खोका घेऊन आला. वाटी बघितली, शेपूट बघितलं, खोका दाराशी ठेवून दिला. "काकू, मस्त आहे तो. मी उगाच आलो."

"उगाच कसा? बस," काकू म्हणाल्या आणि पोह्यांची बशी पुढे केली. बशी संपली. काकूंचा हात कढईतल्या डावाकडे गेला, ओठांवर 'अर्धीच' आली. त्यांनी ती गिळली, कढई टेबलावर ठेवली आणि मुकाट्याने आत गेल्या.

बाहेर साईराज हळू आवाजात फोनवर बोलत होता. "कौस्तुभ, पाल एकदम ठीक आहे रे. पण काकूंचं काहीतरी बिनसलंय. आग्रहच केला नाही. डॉक्टरला दाखव."

काकूंनी पदर तोंडात कोंबून हसू दाबलं. मग बेसनाच्या लाडवांचा डबा बाहेर नेला, त्याच्या हाताशी ठेवला, एक शब्द न बोलता परत आत आल्या आणि ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कान मात्र बाहेर.

मग डब्याचं झाकण वाजलं. आणि जरा वेळाने परत एकदा वाजलं.