शाकाहारी माणसाची मासेमारीची बोट

चार माणसं एका बोटीभोवती जमली की काम होतं चिमूटभर आणि किस्से साठतात पोतंभर. आमचं काम दीड वर्ष चाललं, तेव्हा विचार करा! ऑफिसात मी एक सांगायला घेतला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, दुसऱ्यामागून तिसरा, आणि जेवणाची सुट्टी संपते. म्हणून म्हटलं, एकदाचे लिहूनच टाकावेत.

आधी माणसं सांगतो. मी पाटणकर, मूळचा साताऱ्याचा. चेन्नईजवळ ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात पेंटची तपासणी करतो, राहतो वेस्ट मांबलममध्ये. खालच्या मजल्यावर रावमामा आणि मामी. तंजावरकडचे मराठी, चेन्नईत तिसरी पिढी. मी नवीन राहायला आलो तेव्हा जिन्यात आईशी फोनवर बोलत होतो. खालचं दार उघडलं आणि एक उंच म्हातारा बाहेर येऊन म्हणाला, "तुम्ही आमचंच बोलताव की! आत या, बैसा."

बसलो, तो अजून उठलेलो नाही.

चौथे आरोक्यम अण्णा. कासिमेडूच्या मासेमारी बंदरात त्यांची फायबर बोटी दुरुस्त करायची शेड आहे. मराठी शून्य, माझं तमिळ तोडकंमोडकं, पण आमचं भांडण कधी भाषेवाचून अडलं नाही.

*

रावमामांनी अडतीस वर्षं एका शिपिंग कंपनीत कारकुनी केली. हजारो जहाजं कागदावर आणली आणि कागदावरच रवाना केली. स्वतः कधी साधी होडीसुद्धा हाकली नाही. निवृत्तीनंतर एकदा सहज अण्णांच्या शेडमागे डोकावले, तर तिथे एक जुनी बावीस फुटी बोट उलटी पडलेली. सेंटर कन्सोल म्हणतात तिला. सगळी उघडी, मधोमध फक्त एक उभा ओटा, त्यावर स्टिअरिंग, आणि चारही बाजूंनी फिरायला मोकळी जागा. मासे गळाने धरणाऱ्या शौकिनांसाठी बनवलेली.

मामांनी ती घेतली आणि घरी येऊन सांगितलं. मामींनी शांतपणे विचारलं, "वांग्यात किडा निघाला तर त्याला पानावर घेऊन झाडाखाली सोडून येणारे तुम्ही. मासे कोण धरणार?"

"कोणी नाही."

"मग बोट कशाला होणां?"

"चालवाला!" मामा म्हणाले. "बंदराच्या भिंतीपलीकडे एकदां जायचं. माझ्या हातानं."

त्या शेवटच्या दोन शब्दांना वजन होतं, ते मला नंतर कळलं. मामांना कंपवात आहे. त्या वर्षी त्यांच्या मुलीने, वत्सलाने, कारची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली होती. प्रेमानेच घेतली, पण घेतली.

*

आमच्या कारखान्यात रंगावर केसाएवढा जरी दोष दिसला तरी आम्ही लाल स्टिकर लावतो. मला दुसरं काही येतच नाही. अण्णांनी तीन आठवडे खपून बोटीचं अंग घासलं, भरलं, रंगवलं. मी हातात ट्यूबलाइट धरून तासभर तपासलं आणि एकतीस लाल स्टिकर लावले.

अण्णांनी ते पाहिले. सगळं पुन्हा घासलं. पुढच्या रविवारी मी एकोणीस लावले.

त्याच्या पुढच्या रविवारी सात लावले, तेव्हा अण्णांनी माझा दंड धरला आणि शेडच्या पार दारापर्यंत नेऊन उभं केलं. "आता बघा सार. दिसतं काही?"

"इथून कसं दिसेल?"

"मासा याहून जवळून बघत नाही!"

त्या दिवशी स्टिकरची गुंडाळी मी घरी नेली, ती कायमची.

*

पण खरी फजिती पुढेच होती. बोटीचा तळ, म्हणजे ज्यावर उभं राहायचं ती जागा, मी स्वतः रंगवायला मागितली. रंग मारला तो असा चकचकीत की त्यात तोंड बघावं! मग अण्णांनी बादलीभर पाणी ओतलं आणि मला म्हणाले, "चाला."

मी दोन पावलं चाललो. उरलेलं अंतर बसून गेलो.

मग त्यांनी समजावलं की तळाला घसरण नको म्हणून ओल्या रंगावर बारीक वाळू पेरतात. पण ती सारखी पडली पाहिजे. मी चाळणीने पेरली, ढीग झाले. अण्णांनी मुठीने पेरली, ठिगळं झाली. मामी कडेला स्टुलावर बसून बघत होत्या. शेवटी पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "सरका."

पन्नास वर्षं रोज सकाळी दारात कोलमची रांगोळी घालणारा हात तो! चिमटीतून वाळू अशी सुटत होती की आमच्या कारखान्यातल्या रोबोटने मान खाली घालावी. मागे मागे सरकत मामींनी अख्खा तळ भरला. आम्ही बघतच राहिलो, आणि बोटीच्या नाकापाशी पोचल्यावर त्यांचा हात सवयीने जे करायचं तेच करून गेला. ठिपके ठेवले, ठिपक्यांना वेढे घातले, मधे कमळ काढलं. तीन मिनिटांत! भानावर आल्या तेव्हा रंग धरायला लागला होता.

"अय्यो, पुसून टाका हो!"

अण्णा वेलांकण्णीच्या मातेचे भक्त, गळ्यात क्रूस. त्यांनी कमळाकडे पाहिलं आणि स्वतःच्या चपला काढून बाजूला ठेवल्या. तेव्हापासून त्या बोटीवर कोणी चपला घालून चढत नाही.

*

जुळवाजुळवीला लागलो तेव्हा अण्णांनी बसायच्या जागेखालची मोठी पेटी दाखवली. तिला फिशबॉक्स म्हणतात. धरलेले मासे बर्फात ठेवायची जागा. अण्णा अभिमानाने सांगत होते की हिच्यात अख्खी सुरमई आडवी मावते.

मामींनी एकच विचारलं, "नवी आहे? ह्यात अजून काही ठेवलं नाही ना?"

"नाही अम्मा. कोरी आहे."

पुढच्या रविवारी पेटी उघडली तर आत बर्फाच्या पिशव्या, त्यावर दहीभाताचा डबा, लिंबूभाताचा डबा, वडुमांग्याची, म्हणजे बाळकैऱ्यांच्या लोणच्याची, बरणी आणि ताकाचं भांडं. अण्णा आत वाकले. "तीस वर्षं ह्या पेट्या बनवतोय," ते म्हणाले, "आमच्या माणसांना कळता कामा नये."

पण दहीभात तीनदा मागून घेतला.

*

कॉफीचंही सांगायला हवं. मामी थर्मासमधून टम्बलर भरायच्या ते मला काठोकाठ आणि मामांना अर्धा. पूर्ण भरला तर सांडतो म्हणून. मामा अर्धा पिऊन झाला की पुन्हा अर्धा घ्यायचे.

अण्णांना कॉफी किती लागते हे अख्ख्या कासिमेडूला ठाऊक आहे. पण पहिल्या रविवारी त्यांनी मामांच्या टम्बलरकडे एकदा पाहिलं आणि मामींना म्हणाले, "मलाही अर्धीच, अम्मा."

दीड वर्ष हा माणूस चार-चार वेळा अर्धी अर्धी कॉफी पीत होता.

*

इंजिन जुनंच होतं, अण्णांनी जीव ओतून उभं केलेलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मधला ओटा असा थडथडायला लागला की त्यावरचा पाना चालत चालत खाली पडला. आता मात्र माझ्यातला तपासनीस जागा झाला. आठवडाभर मापं घेतली, बाजार पालथा घातला आणि ओट्याच्या चार बोल्टखाली बसवायला चार रबरी बुश आणले. सुपारीएवढे असतील एकेक, पण काम बघा! बोट ट्रॉलीवर, इंजिनचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवलेला. मी स्टिअरिंगजवळ पाण्याने भरलेला टम्बलर ठेवला आणि इंजिन सुरू करायला लावलं.

थेंब सांडला नाही!

मी नाचायचाच बाकी होतो. "मामा, या, धरून बघा!"

मामा आले. स्टिअरिंग धरलं. ओटा दगडासारखा स्थिर, स्टिअरिंग स्थिर, आणि त्यावर त्यांचे दोन हात तेवढे थरथरत होते. मामांनी ते पाहिलं आणि हात काढून पाठीमागे बांधले.

इंजिन बंद झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाटणकर, पाण्यात सोडायच्या दिवशी बोट तूच चालव. मी बसतों."

"अहो, पण सगळं तुमच्यासाठी..."

"धक्क्यावर वत्सला असेल, अण्णाचे लोक असतील. अस्के हाताकडेच बघतील." (अस्के म्हणजे सगळे.) मग जरा हसले. "मी बघतों ना समुद्र. तेवढं पुरे."

मी टम्बलरमधलं पाणी पिंपात ओतलं. अण्णा जवळच खाली वाकून दोर गुंडाळत होते. त्यांना मराठी समजत नाही, असं मी तरी धरून चाललो होतो.

*

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. मी ह्या शहरात आलो तेव्हा रविवार मला खायला उठायचा. खोलीत पडून राहायचं आणि सोमवारची वाट बघायची. ह्या तिघांनी मला दीड वर्षाचे रविवार दिले, जेवू घातलं, हसवलं, घसरून पाडलं, उचललंही. माझ्याकडून त्यांना काय मिळालं म्हणाल, तर सत्तावन्न लाल स्टिकर आणि चार बुश. ह्या देण्याघेण्यात मी फार फायद्यात राहिलो, आणि ते मला रोज आठवतं.

*

बोट पाण्यात सोडायची सकाळ. मामींनी नारळ वाढवला, अण्णांनी वेलांकण्णीहून आणलेलं तीर्थ शिंपडलं. परवानगीचे कागद मामांनी तीन प्रतींत आणले होते. धक्क्यावर वत्सला आणि मामी, शिवाय अण्णांचे वीसेक भाऊबंद. आम्ही तिघे लाइफ जॅकेट चढवून बोटीत. मामा मागे बसलेले, हात पाठीशी.

अण्णांनी इंजिन सुरू केलं आणि ओटा थडथडायला लागला. साधासुधा नाही, पहिल्या दिवसासारखा!

"अण्णा, माझे बुश!" मी ओरडलो.

"हा समुद्र आहे सार, पिंप नव्हे!"

ते स्टिअरिंगवर उभे होते आणि त्यांचे हात कोपरापर्यंत हलत होते. धक्क्यापासून थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तुम्ही धरा." मी धरलं. हात तर हात, माझे दातसुद्धा वाजायला लागले. लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी मापं, एवढा बाजार!

"रावसार!" अण्णा मागे वळून म्हणाले. "ह्यांना जमत नाही. तुम्ही या."

मामा माझ्या हातांकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग उठले, पाठीमागचे हात सोडले आणि मला खांद्याने बाजूला सारलं.

"पाटणकर!" जरा वेळाने ते इंजिनच्या आवाजावर ओरडले. "हें तर अस्क्यांनाच थरथरवतं की!"

भिंत मागे पडली. मोठं पाणी लागलं. मामांनी ऐसपैस वळण घेतलं, पुन्हा एक घेतलं, आणि अर्ध्या तासाने बोट धक्क्याला आणून लावली तीही त्यांनीच. वत्सला रडत होती आणि टाळ्याही वाजवत होती. मामींनी थर्मास उघडला. मामा म्हणाले, "पुरा भर." अर्धी कॉफी शर्टावर सांडली आणि ते तसेच हसत उभे राहिले.

सगळे पांगल्यावर मी फिशबॉक्स धुवायला घेतला. दहीभाताच्या डब्यामागे कापडाची एक पुरचुंडी लागली. सोडून पाहिली, तर माझे चारही बुश.

मी अण्णांकडे पाहिलं. ते दोर गुंडाळत होते, मान वर न करता.

"बोटीत वजन फार झालं होतं, सार."