डोंगरावरचा खोटा पाऊस

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोपुढंही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखीच्या माणसापुढं धीर होत नाही म्हणून?

मी भंडाऱ्याकडचा. सातवीत शाळा सुटली. बोअरच्या गाडीवर काम करत बार्शीच्या डोंगरात आलो, तापानं पडलो आणि गाडी पुढं निघून गेली. तिथं एकट्या राहणाऱ्या अक्कांनी ठेवून घेतलं. डोंगराच्या धारेवर त्यांचं चार एकर रान, दोन खोल्या. आधी जेवू घातलं, मग राखणीला ठेवलं. पुढं गुडघे गेले तशा त्या सोलापुरात, शुक्रवार पेठेत पुतण्याकडं राहायला गेल्या. पण रोज सकाळी फोन — "वारं काय म्हणतंय रं?"

धारेवर वाऱ्याला आडोसा नाही. पत्र्यांवर दगड ठेवावे लागतात. तिथं एक आंबा होता, अक्कांच्या मालकांनी जाण्याआधी शेवटचा लावलेला. काठीच्या आधारानं वाढत होता. अक्कांचं सांगणं एकच — मालकांच्या जुन्या धोतराच्या पट्टीनं सैल बांध, दर पाडव्याला सोडून पुन्हा बांध.

मी तारेनं बांधला. पट्टी सारखी सुटायची. कंटाळा आला होता, एवढंच. तीन पाडवे गेले. तार सालीत रुतली. मला दिसत नव्हती का? दिसत होती.

वळवाच्या वाऱ्यात आंबा मोडला. बरोबर तारेवर.

आठवड्यानं अक्का म्हणाल्या, "जीप सांगितलीय. झाड बघून येते एकदा."

"पाऊस लई हाय, अक्का," मी म्हणालो. "वाट निसरडी झालीय."

मी अंगणात उभा होतो, उन्हामुळं डोळ्यांवर हात धरून.

त्या हसल्या. "हितं पेठेत थेंब न्हाय बघ. तुज्या भंडाऱ्याचा पाऊस घिऊन आलास की." मग म्हणाल्या — "आंब्याला पाणी घालायचं वाचलं म्हण."

तेव्हा तरी बोलता आलं असतं ना?

मी "व्हय" म्हणालो.

नंतर सोपं होत गेलं. कधी पाऊस, कधी धुकं, कधी वाट खचलेली. तीनदा त्यांनी जीप ठरवली, तीनदा माझं ऐकून जीपवाल्याला नको म्हणून कळवलं. दिवाळीनंतर अंथरुणाला खिळल्या. संक्रांतीच्या आधी गेल्या.

मातीला गेलो होतो. पुतण्या म्हणाला, अक्का गल्लीत सगळ्यांना सांगायच्या — आमच्या डोंगरावर यंदा पाऊस थांबंना. आणि म्हणाला, "तुला तितनं कुणी हलवायचं न्हाय, असं सांगून गेलीय ती."

झाड गेलेलं कळलं तर हाकलून देतील — मला हीच भीती होती.

काठी अजून उभी आहे. तारही तशीच आहे. सकाळी त्या वेळेला हात फोनकडं जातो.

आज धारेवर ऊन आहे, अक्का. वारं पडलंय. वाट कोरडी आहे.