शिळ्या माशाची साक्ष

डहाणूच्या खाडीकाठच्या देवजीला माणसं दोन गोष्टींसाठी ओळखत. जाळ्याची गाठ त्याच्यासारखी कुणाला मारता येत नसे, आणि ताडी पोटात गेली की त्याला स्वतःला कुठलीच गाठ मारता येत नसे. त्रेपन्न सालच्या होळीला त्याने सासऱ्याची होडी किनाऱ्याला लावली, खाली उतरला आणि ती बांधायची विसरून घरी जाऊन झोपला. ओहोटीने होडी नेली. आठ दिवसांनी ती नारगोळला सापडली, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्याने तिच्यात कोंबड्या बसवल्या होत्या.

देवजीची बायको चंद्रावती, माहेर झाई गावचं. डहाणूच्या बाजारात ती मासळी विकायची आणि तिच्या गळ्यात शिळा मासा मारणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला तिने देवजीला नेलं आणि देवीच्या पायरीवर त्याचा हात दाबून धरला.

"पुढल्या जत्रेपर्यंत थेंब घ्यायचा नाय. घेतलात तर मी झाईला गेले समजा. मग बोलवायलापण येऊ नका."

चंद्रावती नुसतं बोलणाऱ्यातली नव्हती. घरी येताच तिने आपलं गाठोडं बांधलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. देवजी जेवायला बसला की ते बरोबर त्याच्या डोक्यावर येई.

त्याच वर्षी दिवाळीनंतर त्याला मुंबईत मालबोटीवर खलाशाची नोकरी लागली. बोट थंड मुलखात जाणार असं कळल्यावर चंद्रावतीने सुके बोंबील विकून मल्याणच्या मोच्याकडून त्याच्यासाठी बूट शिवून घेतले. देवजीच्या सात पिढ्यांत कुणी बूट घातला नव्हता. तो पहिले चार दिवस बदकासारखा चालला.

जानेवारीत बोट फ्रान्सच्या मार्सेय बंदराला लागली आणि तिथेच तिचं इंजिन बसलं. दुरुस्तीला तीन आठवडे लागणार होते. बाकीचे खलाशी दमणचे, रत्नागिरीचे. त्यांना आनंदाचं भरतं आलं, कारण त्या प्रोव्हान्स मुलखात द्राक्षाची दारू पाण्यासारखी मिळते. किंबहुना पाणी मागितलं तर लोक आजारी आहेस का असं विचारतात. खाणावळीत दारू, न्हाव्याकडे दारू. देवजी बिचारा डोळ्यांपुढे गाठोडं आणून रस्तोरस्ती हिंडू लागला. ज्या दारात दारूचा वास येणार नाही तिथे शिरायचं, एवढंच त्याने ठरवलं.

असं पहिलं दार निघालं म्युझियमचं. आत माणसं टोप्या काढून हळू आवाजात बोलत होती, एकेका चित्रापुढे थांबत होती आणि पुढे सरकत होती. देवजीने ओळखलं, हे देऊळ. त्याने बूट काढून पायरीखाली ठेवले, हात जोडले आणि आत गेला. पहारेकरी बूट घेऊन त्याच्यामागे धावला. देवजीने कानाला हात लावून नकार दिला. पहारेकऱ्याने पुन्हा बूट पुढे केले, देवजीने पुन्हा नकार दिला. शेवटी छत्र्या आणि कोट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईने ते बूट दोन बोटांत धरून खुंटीला टांगले आणि देवजीच्या हातात पितळेची चकती ठेवली. तिच्यावर सत्तेचाळीस आकडा होता. आपल्या जत्रेत अशी सोय असती तर किती चपला वाचल्या असत्या, असं देवजीच्या मनात आलं.

त्या तीन आठवड्यांत त्याने दर ठिकाणी दाराशी बूट काढून त्या मुलखातलं बघण्यासारखं बरंच काही अनवाणी बघितलं. टेकडीवर दर्यावर्द्यांची आई होती. तिच्या देवळात नवस फेडायला आणलेल्या छोट्या होड्या छताला टांगलेल्या होत्या. इतक्या लांब परक्या मुलखात आपल्यासारखीच भ्यालेली माणसं आहेत, हे बघून त्याला फार बरं वाटलं. आगगाडीने तासाभरावर आर्ल गावी रोमन लोकांनी बांधलेलं दगडी गोल मैदान होतं. कडाक्याच्या थंडीत त्या दगडांवरून अनवाणी फिरून त्याचे तळवे निळे पडले. दगडी पुतळ्यांच्या दालनात तर त्याला काळजीच वाटली. कुणाला नाक नाही, कुणाला हात नाही, एकाला डोकंच नाही. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, दर्यात सोडावी, हे एवढ्या शिकलेल्या लोकांना कुणी सांगितलं नसावं. त्याने हातवारे करून पहारेकऱ्याला समजावलं की समुद्र जवळच आहे, उचलायला मी हात लावतो. त्यानंतर तो पहारेकरी देवजी बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागेमागे चालला.

पण देवजीचा जीव जडला तो पहिल्या म्युझियममधल्या एका चित्रावर. सोनेरी चौकट, तांब्याचं भांडं, लिंबू आणि फळीवर आडवा टाकलेला मासा. बोट सुटायच्या दिवशीही बूट म्हातारीकडे देऊन तो त्याच्यापुढे उभा राहिला आणि वेळेचं भान हरपलं. घड्याळाचे टोल ऐकून धावत बाहेर आला तर म्हातारी आपल्या खोलीला कुलूप लावून जेवायला गेलेली. बूट आत, चकती हातात, बोट सुटायला अर्धा तास. देवजी मार्सेयच्या रस्त्यांतून अनवाणी धावत सुटला.

मार्चात तो डहाणू स्टेशनावर उतरला तेव्हा काळू समोरच भेटला. काळू म्हणजे गावातला थापाड्यांचा राजा. त्याची नजर आधी देवजीच्या पायांकडे गेली.

"बूट कंच्या गुत्त्यात पिऊन टाकलेस रं?"

देवजीने चकती दाखवली. काळू पोट धरून हसला. "आरं, बूट गहाण टाकले की गुत्तेवाला हीच चकती देतो."

देवजी घरी पोचायच्या आत ही बातमी पोचली होती. चंद्रावतीने माळ्यावरून गाठोडं काढलं होतं आणि ते मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली होती.

"बोला," ती म्हणाली.

देवजीने सगळं सांगितलं. बाप्याची जात, दारूच्या गावात वीस दिवस राहिली आणि चित्रं बघत फिरली, हे त्याला स्वतःलाच सांगताना खोटं वाटू लागलं. माशाच्या चित्रापाशी चंद्रावतीने त्याला थांबवलं.

"मासा कसा व्हता?"

"शिळा."

"कशावरनं?"

"डोळा आत गेलेला, वर साय आलेली. कल्ले मातकट. पोट ढिलं. तीन दिसांचा तरी व्हता. लिंबू मात्र ताजं."

"केवढा?"

"माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत."

चंद्रावती उठली आणि भाकऱ्या थापायला गेली. गाठोडं तिने माळ्यावर चढवलं नाही, सोडलंही नाही. ते दाराशीच राहिलं.

चार दिवसांनी पाणी भरताना तिने सहज विचारलं, "त्या माशाचा डोळा लाल व्हता म्हणालात ना?"

"लाल नाय गं. साय आलेली."

पुढे आठवड्याने, तो अर्धवट झोपेत असताना, "हातभर मासा व्हता तो?"

"कोपर ते मनगट," देवजी पुटपुटला आणि कुशीवर वळला.

जत्रा दोन दिवसांवर आली. किनाऱ्यावर बायका बोंबील वाळत घालत होत्या, बाप्ये जाळी विणत बसले होते आणि काळू रंगात आला होता. "देवजी, फ्रान्सची देवी पावली का रं? बूट घेतले तिनं नैवेद्याला." सगळे हसले. देवजीने मान खाली घातली.

चंद्रावतीने हातातली टोपली खाली ठेवली.

"काळूभावजी, तुमी पावसाळ्याआधी घोळ मासा पकडलात तो केवढा व्हता?"

"हा एवढा," म्हणत काळूने दोन्ही हात पसरले.

"दिवाळीला तो कमरेएवढा व्हता. होळीला छातीएवढा. मी ऐकलंय ना." चंद्रावती म्हणाली. "थापेतला मासा दर खेपेला वाढतो. आमच्या माणसाचा मासा मी तीनदा तपासला. बोटभर वाढला नाय. आनि आजपर्यंत एक तरी थापाड्या शिळा मासा पकडून घरी आलेला कुनी बघितलाय?"

काळूचे पसरलेले हात हळूहळू खाली आले.

त्या संध्याकाळी गाठोडं सुटलं. त्यातून दोन लुगडी आणि देवजीचा एक सदरा निघाला. माहेरी निघालेल्या बाईने नवऱ्याचा सदरा कशाला बांधून घेतला होता, हे विचारायची देवजीची हिंमत झाली नाही. पण त्याला इतका आनंद झाला की तो उगाचच अंगणात जाऊन दोनदा झाडून आला.

चकती चंद्रावतीने देव्हाऱ्यात ठेवली. अठ्ठावन्न साली देवजीची बोट पुन्हा मार्सेयला जाणार असं कळलं, तेव्हा तिने ती काढून त्याच्या हातावर ठेवली. "बोंबलांचे पैसे हायेत माझे त्यात."

चार महिन्यांनी देवजी डहाणूला उतरला तो बूट घालून. म्युझियममधल्या म्हातारीने ते त्याच खुंटीवर ठेवले होते, वर पॉलिशही करून. तो बदकासारखा चालत अंगणात आला. चंद्रावतीने बूट उलटेसुलटे करून तपासले, शिवण ओढून बघितली आणि मग विचारलं,

"मासा?"

"हाय तिथंच."

"आनखी शिळा झाला असंल."

"नाय गं," देवजी म्हणाला. "तीनच दिसांचा हाय अजून."

चंद्रावतीने मान हलवली आणि त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला आत गेली.